आगोटची बेगमी आणि अठ्ठावीस पौंडांचे दुकान

वैशाख सरत आला की आमच्या वसईच्या घरांत एक निराळीच लगबग सुरू होत असे. मसाल्याच्या मिरच्या अंगणात उन्हे खात पडत. सुके बोंबील आणि जवळा पारखून, पुन्हा एकदा तापवून डब्यांत भरला जाई. कांद्याच्या माळा आढ्याला टांगल्या जात. तांदूळ, वाल, मीठ, चिंच, गूळ यांनी कोठीची खोली भरे आणि पडवीत लाकूडफाटा रचला जाई. आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड. परंतु त्या दिवसांसाठी करावयाच्या साठ्यालाही आपण आगोटच म्हणत आलो. होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, वाटा पाण्याखाली गेल्या, मजुरी थांबली, की पुढचे तीन-चार महिने घर जगे ते या कोठीवर.

या आठवणी आपण मोठ्या मायेने सांगतो. मात्र त्यांतील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. बेगमी करावयाची तर वैशाखात हाती रोकड असावी लागे. ज्या घरात ती नसे, त्या घरची आई भर पावसात दुकानाच्या पायरीवर उभी राही. पावशेर तांदूळ, पळीभर तेल, चिमूटभर हळद, असा तिचा रोजचा बाजार. धान्य महाग झाल्यावर ती ते घेई आणि तेही उधारीवर. वहीत नाव असल्यामुळे तिला भाव विचारता येत नसे, वजनाविषयी बोलता येत नसे आणि दुसऱ्या दुकानातही जाता येत नसे. ज्याच्याजवळ पैसा कमी त्यालाच तो तांदूळ अधिक किमतीला पडे. काटकसर ही गरिबाने करावी असे सर्वजण सांगतात. पण काटकसरीलासुद्धा आधी थोडे भांडवल लागते, हे सांगावयाचे राहून जाते.

हे कोडे केवळ आपल्या किनारपट्टीचे नव्हते. सुमारे १८० वर्षांपूर्वी इंग्लंडमधील एका गिरणगावाने ते सोडवण्याचा प्रयत्न केला. त्या प्रयत्नाची एक शाखा पुढे आपल्या दारापर्यंत पोहोचली, म्हणून ती हकीकत येथे सांगावीशी वाटते.

तेव्हाच्या लँकेशायर परगण्यात, मँचेस्टरच्या उत्तरेला रॉचडेल नावाचे गाव होते. लोकरीचे फलालीन कापड ही त्याची जुनी ओळख. १८४० नंतरची वर्षे इंग्लंडच्या श्रमिकांना इतकी कठीण गेली की त्या काळाला पुढे 'भुकेचे दशक' असे नाव पडले. यंत्रमाग आले होते, हातमाग मागे पडत होते, मजुरी घटत होती. आठवड्याच्या शेवटी मिळणारी तुटपुंजी मजुरीही घरी पूर्ण पोहोचत नसे. काही मालक रोख पैशांऐवजी आपल्याच दुकानातील माल कामगारांच्या गळ्यात मारीत. १८३१ च्या कायद्याने या प्रथेला बंदी झाली होती. तरी ती चोरपावलांनी चालूच राहिली. एरवीचा व्यवहार उधारीच्या वहीवर चाले.

त्या उधारीवर मिळणारे अन्न तरी कसले? पिठात तुरटी मिसळून पाव पांढरा केला जाई. वापरलेली चहाची पाने वाळवून, रंगवून पुन्हा विकली जात. फ्रेडरिक अॅकम या रसायनशास्त्रज्ञाने १८२० सालीच ग्रंथ लिहून या भेसळीची लक्तरे वेशीवर टांगली होती. परंतु भेसळीला खरोखर आळा घालणारा कायदा इंग्लंडमध्ये व्हावयास १८७५ साल उजाडावे लागले. तोवर गरिबाच्या ताटातील भेसळ दूर करणारे कोणी नव्हते.

रॉचडेलच्या कामगारांनी मजुरी वाढावी म्हणून प्रयत्न केले. त्यांना यश आले नाही. मग त्यांच्यातील काहींनी प्रश्न उलटा करून पाहिला. मिळकत वाढवणे आपल्या हाती नसेल, तर आहे त्या मिळकतीत अधिक अन्न घरात येईल अशी व्यवस्था आपल्याला करता येईल काय? ही माणसे कोणी विद्वान नव्हती. त्यांत विणकर होते, लोकर निवडणारे होते, चांभार होते, सुतार होते. आठवड्याला दोन पेन्स, पुढे तीन पेन्स, अशी वर्गणी त्यांनी जमा करावयास आरंभ केला. प्रत्येकी एक पौंड साठावयास महिनेच्या महिने गेले. अखेर २८ सभासद आणि २८ पौंड भांडवल एवढ्या बळावर 'रॉचडेल इक्विटेबल पायोनियर्स सोसायटी' उभी राहिली. टोड लेन नावाच्या गल्लीतील एका वखारीचा तळमजला वर्षाला १० पौंड भाड्याने घेण्यात आला.

२१ डिसेंबर १८४४, शनिवार. नाताळ चार दिवसांवर आलेला. संध्याकाळी त्या दुकानाच्या झडपा उघडल्या. आत माल होता तो असा: लोणी २८ रतल, म्हणजे सुमारे १३ किलो, साखर ५६ रतल, म्हणजे सुमारे २५ किलो, गव्हाचे पीठ ३०० किलोच्या आसपास, ओटच्या पिठाचे एक पोते आणि काही मेणबत्त्या. साऱ्याची किंमत १६ पौंड ११ शिलिंग ११ पेन्स. आपल्याकडील एखाद्या खात्यापित्या शेतकऱ्याच्या आगोटीहून हा साठा फार मोठा होता असे नाही. गावातील गिरणीत काम करणारी पोरे बाहेर जमून टर उडवू लागली. दुकानदारांनाही हा पोरखेळच वाटला असावा.

तो पोरखेळ ठरला नाही, याचे कारण त्या मंडळींनी स्वतःला घालून घेतलेल्या नियमांत आहे. पहिला नियम रोखीचा. या गल्लीतच पूर्वी, १८३३ साली, असेच एक सहकारी दुकान निघाले होते आणि उधारीत बुडून दोन वर्षांत बंद पडले होते. तो धडा विसरला गेला नाही. दुसरा नियम शुद्ध मालाचा आणि खऱ्या वजनाचा. तिसरा, भांडवल कितीही असो, प्रत्येक सभासदाला मत एकच. चौथा नियम मात्र साऱ्यांत कल्पक होता आणि तो घडवण्यात चार्ल्स हॉवर्थ या विणकराचा मोठा वाटा मानला जातो. माल बाजारभावानेच विकावयाचा; मात्र तिमाहीच्या शेवटी खर्च आणि व्याज वजा जाता जो नफा उरेल तो, ज्याने जितकी खरेदी केली असेल त्या प्रमाणात, खरेदीदार सभासदाला परत द्यावयाचा.

या नियमाचा अर्थ नीट ध्यानात घेण्याजोगा आहे. रोज एक पैसा बाजूला काढण्याचे बळ ज्या घरात नव्हते, त्या घराची बचत आता रोजच्या भाकरीतूनच होऊ लागली. गृहिणी पीठ-साखर आणीत राही आणि तिच्या नावावर थेंबे थेंबे तळे साचत जाई. १८६० साली या संस्थेने दीड लाख पौंडांहून अधिक विक्री केली आणि तीवर जवळपास १६ हजार पौंड नफा झाला. आपल्या हिशेबाने सांगावयाचे तर रुपयामागे सुमारे दहा पैसे. हेच दहा पैसे पूर्वी उधारीच्या वहीत आणि खोट्या वजनात नाहीसे होत होते.

हे पैसे कोणाचे, हाही प्रश्न होता. त्या काळी इंग्लंडच्या कायद्याने विवाहित स्त्रीची मिळकत पतीची समजली जाई. स्वतःच्या कमाईवर तिचा हक्क मान्य व्हावयास १८७० साल यावे लागले. रॉचडेलच्या या संस्थेने मात्र स्त्रियांना स्वतंत्रपणे सभासद करून घेतले. एलायझा ब्रायर्ली ही १८४६ मध्ये पहिली स्त्री सभासद झाली. घरची कोठी जी सांभाळते तिला त्या कोठीच्या हिशेबात मत असावे, ही गोष्ट त्या दुकानाला कायद्याच्या कितीतरी आधी सुचली. पुढे नफ्यातील अडीच टक्के रक्कम शिक्षणासाठी राखण्यात येऊ लागली आणि पिठाच्या पोत्यांवरच्या मजल्यावर ग्रंथालय व वाचनालय आले.

संस्थेची वाढ आरंभी संथ होती. १८४५ अखेर सभासद ७४. १८४८ मध्ये १४०. मग १८४९ साली गावातील बचत बँक अफरातफरीमुळे बुडाली आणि अनेक गरिबांची पुंजी तीबरोबर गेली. ज्यांनी टोड लेनच्या दुकानाला हसून घेतले होते, त्यांतील कित्येक आपली उरलीसुरली रक्कम घेऊन त्याच दुकानाकडे वळले. १८५० मध्ये सभासदांची संख्या ६०० झाली आणि १८६० मध्ये ३,४५०.

बेगमीची खरी परीक्षा सुगीत होत नाही. रॉचडेलची परीक्षा १८६१ नंतर झाली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना येणारा कापूस थांबला. हजारो कामगार घरी बसले. हेच ते दिवस, जेव्हा कापसाच्या भावाने मुंबईत सोन्याचा धूर निघू लागला होता. तिकडच्या चुली विझत होत्या तेव्हा इकडे पेढ्या उघडत होत्या आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच इकडच्याही पेढ्या कोसळल्या. एकाच कापसाचा हा खेळ. त्या दुष्काळात रॉचडेलच्या सभासदांनी आपल्या नावावर साचलेली रक्कम काढून घर चालवले. १८६२ मध्ये सभासद घटून ३,५०१ वर आले. पण दुकान बंद पडले नाही आणि पुढच्याच वर्षी संख्या ४,००० च्या पुढे गेली. भाकरीतून वाचवलेला पैसा भाकरीच्या वेळी उपयोगी पडला.

एवढे सांगून थांबलो तर ती अर्धवट स्तुती होईल. रोखीच्या नियमाने दुकान वाचवले. पण त्याच नियमाने सर्वांत गरीब माणूस दाराबाहेर राहिला. ज्याची मजुरीच अनियमित, त्याने एक पौंडाचा भाग कसा घ्यावा आणि आज हाती काहीच नसेल तर रोख कोठून आणावी? आमच्या त्या पायरीवर उभ्या असलेल्या आईला रॉचडेलच्या दुकानातही रिकाम्या हाती परतावे लागले असते.

तिच्या बाजूने विचार झाला तो जर्मनीत. १८४६-४७ च्या हिवाळ्यात तेथे पीक बुडाले होते. वेस्टरवाल्डच्या डोंगराळ भागातील वायरबुश या गावचा तरुण कारभारी फ्रीडरिख विल्हेल्म रायफायझन याने गावातील ऐपतदारांचा पैसा जमवून एक पाव मंडळ काढले, सामाईक भट्टी बांधली आणि गरिबांना कमी दराने, तेही उधारीवर पाव दिला. ही उधारी सावकाराच्या वहीतील नव्हती. एकमेकांच्या शब्दावर दिलेली होती. त्या पावातून पुढे पतपेढीची कल्पना वाढली आणि १८६४ मध्ये हेडेसडॉर्फ येथे रायफायझनची प्रसिद्ध पतसंस्था उभी राहिली. गावातील माणसे एकमेकांना ओळखतात, हेच तिचे तारण.

येथून वाट आपल्याकडे वळते. मद्रास सरकारच्या वतीने फ्रेडरिक निकल्सन यांनी युरोपातील या पतसंस्थांचा अभ्यास करून १८९५ ते १८९७ च्या दरम्यान अहवाल दिला. रायफायझनच्या पद्धतीचा पुरस्कार करणाऱ्या त्या अहवालाची फलश्रुती म्हणजे १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा. आणि १९१८ साली मोन्सेन्यॉर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने वसईत जी कॅथॉलिक पतसंस्था स्थापन झाली, तीच आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. सावकाराच्या पाशातून वाडीतल्या शेतकऱ्याला सोडवावे हा तिचा हेतू. आज त्या बँकेच्या शाखांत शिरताना आपल्याला पावाची ती भट्टी आठवत नाही. पण नाते खरे आहे.

दुकानाची शाखाही येथे रुजली. १९४८ मध्ये मुंबईच्या नायगावात कामगारांनी उभारलेल्या ग्राहक संस्थेतून 'अपना बाजार' वाढला. १९७२-७३ च्या दुष्काळात आणि टंचाईत मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्यानंतर १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. तिने तर दुकानाचीही गरज ठेवली नाही. शेजारची काही कुटुंबे मिळून एक संघ करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात, माल घाऊक खरेदी होऊन ठरल्या दिवशी एका सभासदाच्या घरी येतो आणि सभासदच तो मोजून वाटून घेतात. रॉचडेलच्या माणसांनी ते दृश्य पाहिले असते तर त्यांना ओळखीचे वाटले असते.

या साऱ्या इतिहासातून आम्हांस एकच गोष्ट सांगावयाची आहे. आपण बेगमीला घराचा गुण मानत आलो. अमकीची कोठी भरलेली, म्हणून ती कर्तबगार; तमकीची रिकामी, म्हणून तिला संसार जमला नाही, असे निवाडे आपण सहज देऊन मोकळे झालो. रॉचडेलची आणि वायरबुशची माणसे कमी काटकसरी नव्हती. तरी एकेकट्याने त्यांची कोठी कधी भरली नाही. ती भरली ती दोन-दोन पेन्स एका ठिकाणी आल्यावर आणि एकमेकांचा शब्द तारण धरल्यावर.

आता होड्या पावसाळा संपताच यंत्रांनी निघतात, रस्ते बाराही महिने चालू असतात आणि कोठीची खोली बहुतेक घरांतून नाहीशी झाली आहे. पायरीवरची ती आई मात्र नाहीशी झालेली नाही. प्रत्येक धर्मग्रामात ती आहे. महिन्याच्या विसाव्या दिवसानंतर ती पाव किलोच्या मापाने खरेदी करते. येत्या वैशाखात चार घरांनी मिळून तांदळाची आणि मिरच्यांची खरेदी करावयाची ठरवली, तर पाचवे घर तिचे असावे आणि तिचा वाटा तिने पावसाळाभर सवडीने फेडावा. हा हिशेब अवघड नाही. २८ पौंडांच्या दुकानाने आणि एका पावाच्या भट्टीने तो पूर्वीच मांडून ठेवला आहे.