अमेरिकेच्या ईशान्य भागातील आक्रमक वनस्पती : ओळख आणि खबरदारी

न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया या राज्यांत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांच्या वाट्याला घराबरोबर थोडीफार जमीनही येते. कुंपणालगत आपोआप उगवलेले झाड किंवा पूर्वीच्या मालकाने हौसेने लावलेले झुडूप नेमके कोणते, हा प्रश्न बहुधा ते तोडण्याची वेळ आली म्हणजेच उपस्थित होतो. त्या वेळी ओळख चुकली, तर एक तर उपयुक्त देशी झाड हकनाक जाते, नाही तर आक्रमक झाड चुकीच्या रीतीने तोडल्यामुळे एकाची अनेक होतात. म्हणून आधी नाव निश्चित करावे आणि मगच करवत हाती घ्यावी.

परकी असणे आणि आक्रमक असणे या भिन्न गोष्टी आहेत. सफरचंद मूळचे मध्य आशियातील, तरी त्यास कोणी आक्रमक म्हणत नाही. 1999 च्या अमेरिकी अध्यक्षीय आदेशानुसार, मूळची त्या परिसंस्थेतील नसलेली आणि अर्थव्यवस्था, पर्यावरण किंवा मानवी आरोग्य यांना अपाय करणारी वा करू शकणारी जाती आक्रमक ठरते. ही देवघेव दोन्ही दिशांनी झाली आहे. महाराष्ट्रातील माळराने व्यापणारे गाजरगवत आणि घाणेरी या दोन्ही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडांतील होत.

वृक्ष

ट्री ऑफ हेवन : हे चीनमधील झाड 1784 मध्ये फिलाडेल्फियात आणले गेले. महाराष्ट्रातील महारुख आणि हे झाड एकाच वंशातील असल्याने महारुख पाहिलेल्या व्यक्तीस त्याची ठेवण परिचित वाटते. पान संयुक्त, पिसासारखे, एक ते चार फूट लांब असते. पर्णिकांच्या कडा सलग असतात. मात्र प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशी एक-दोन बोथट दात असतात व त्यांवर लहानशी ग्रंथी असते. हीच त्याची सर्वांत खात्रीची खूण. पान चुरगळल्यास खवट शेंगदाण्यासारखा उग्र वास येतो. साल करडी व खरबुजाच्या सालीसारखी दिसते.

याच्याशी गल्लत होणारी दोन देशी झाडे आहेत. स्टॅगहॉर्न सुमॅकच्या पर्णिका सर्व कडेने दातेरी, कोवळ्या फांद्या मखमलीसारख्या लवदार आणि फळांचे तुरे लालभडक व उभे असतात. काळ्या अक्रोडाच्या पर्णिकाही दातेरी असतात आणि त्याला गोल, हिरव्या आवरणाची फळे धरतात. तिसरे, पॉयझन सुमॅक, दलदलीच्या जागी वाढते. त्याच्या कडा सलग असतात, परंतु बुडाशी ग्रंथीचा दात नसतो आणि पर्णिका 7 ते 13 इतक्याच असतात. त्याच्या स्पर्शाने त्वचेचा तीव्र दाह होतो. म्हणून पाणथळ जागी अनोळखी पान वास घेण्यासाठी चुरगळू नये.

ट्री ऑफ हेवन नुसते तोडले, तर मुळांपासून दूरदूरवर असंख्य फुटवे येतात. जुलैपासून पाने रंग बदलू लागेपर्यंत झाडातील अन्नरस मुळांकडे वाहत असतो. त्या काळात पानांवर किंवा खोडाला खाचा पाडून त्यांत योग्य तणनाशक दिल्यास ते मुळांपर्यंत पोहोचते. त्यानंतर सुमारे महिनाभर थांबूनच झाड तोडावे. 2014 मध्ये पेनसिल्व्हेनियातील बर्क्स कौंटीत प्रथम आढळलेला आणि द्राक्षबागांना उपद्रव देणारा स्पॉटेड लँटर्नफ्लाय हा कीटकही या झाडावर विशेष पोसला जातो.

ब्रॅडफर्ड पेअर : वसंताच्या आरंभी रस्त्याकडेला पांढऱ्या शुभ्र फुलांनी लगडलेले आणि तरीही दुर्गंध येणारे झाड बहुधा हेच असते. पाने जाड, तकतकीत, किंचित लहरी कडांची असून शरद ऋतूत इतरांपेक्षा उशिरा लाल-जांभळी होतात. फांद्या अरुंद कोनात फुटत असल्याने वादळात खोड दुभंगते. एकाच वाणाच्या झाडांत आपसांत फलधारणा होत नाही, म्हणून ते निर्धोक समजले गेले. प्रत्यक्षात निरनिराळ्या वाणांच्या संकरातून फळे धरली, पक्ष्यांनी बिया पसरवल्या आणि मोकळ्या जमिनींवर काटेरी झाडांची दाटी झाली. ओहायोत 2023 पासून, तर पेनसिल्व्हेनिया व साउथ कॅरोलायना येथे 2024 पासून याच्या विक्रीवर बंदी आहे. त्याऐवजी सर्व्हिसबेरी हे पांढऱ्या फुलांचे देशी झाड लावता येते.

झुडूप

जपानी बार्बेरी : घरासमोर शोभेसाठी लावले जाणारे हे काटेरी झुडूप आहे. पाने लहान, चमच्याच्या आकाराची, हिरवी किंवा जांभळट असतात. पानांच्या झुबक्याखाली बहुधा एकच काटा असतो आणि हिवाळ्यातही लाल फळे लोंबत राहतात. फांदी खरवडल्यास आतील लाकूड पिवळेधमक दिसते. आयुर्वेदातील दारुहळद याच वंशातील असल्याने हा रंग मराठी वाचकास अपरिचित नाही. या झुडपाच्या दाटीत ओलावा टिकतो आणि लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडींना आसरा मिळतो. न्यूयॉर्क व पेनसिल्व्हेनियात काही निर्बीज वाण वगळता त्याची विक्री निषिद्ध आहे.

तणे

गार्लिक मस्टर्ड : ही द्विवर्षायू वनस्पती 1868 मध्ये लाँग आयलंडवर नोंदली गेली. पहिल्या वर्षी जमिनीलगत मूत्रपिंडाच्या आकाराच्या पानांचा झुबका असतो. दुसऱ्या वर्षी दांडा वाढून त्रिकोणी, दातेरी पाने व चार पाकळ्यांची पांढरी फुले येतात. चुरगळल्यावर लसणाचा वास येतो. मात्र पान जून झाल्यावर तो मंदावतो. तिच्या मुळांतील द्रव्ये देशी झाडांना साहाय्यक असलेल्या जमिनीतील बुरशींना मारक ठरतात. बी धरण्यापूर्वी रोप मुळासकट उपटून पिशवीत बंद करावे. जमिनीतील बी अनेक वर्षे जिवंत राहते, त्यामुळे एका वर्षात काम संपत नाही.

मगवर्ट : ही दवण्याच्या वंशातील वनस्पती आहे. पाने खोलवर कातरलेली व सुगंधी असून त्यांची खालची बाजू रुपेरी, लवदार असते. हीच खूण तिला देशी रॅगवीडपासून वेगळी करते, कारण रॅगवीडचे पान दोन्ही बाजूंनी हिरवे असते.

जपानी नॉटवीड : खोड बांबूसारखे पोकळ, पेरांवर फुगीर आणि लालसर ठिपक्यांचे असते. पानाचे बूड सरळ कापल्यासारखे व टोक निमुळते असते. उन्हाळ्याच्या अखेरीस पांढुरक्या फुलांचे तुरे येतात. जमिनीखालच्या मूलक्षोडाच्या लहानशा तुकड्यापासूनही नवे झाड उगवते. म्हणून ते खणून इतरत्र टाकू नये आणि कंपोस्टमध्येही मिसळू नये.

गवते

जपानी स्टिल्टग्रास : हे वर्षायू गवत भारतापासून जपानपर्यंतच्या प्रदेशात मूळचे आहे. अमेरिकेत ते 1919 मध्ये टेनेसी राज्यात प्रथम आढळले. चिनी मातीची भांडी बांधण्यासाठी वापरलेल्या गवतातून ते आले असावे, असे मानले जाते. पाने दोन-तीन इंच लांब असून प्रत्येकावर मध्यापासून किंचित बाजूला सरकलेली रुपेरी रेघ असते. तत्सम देशी व्हाइटग्रासवर ही रेघ नसते. मुळे उथळ असल्याने ते सहज उपटते. ऑगस्टच्या उत्तरार्धात, बी धरण्याच्या सुमारास, अगदी जमिनीलगत कापले तर ते पुन्हा फुटून बी धरण्यास अवधी उरत नाही.

फ्रॅग्मायटीस : न्यू जर्सीच्या मेडोलँड्समधून जाताना महामार्गाच्या दोन्ही बाजूंस दिसणारे उंच, पिसासारख्या तुऱ्यांचे गवत ते हेच. याची देशी उपजातीही आहे. परकी उपजातीचे खोड फिकट, खरखरीत असते आणि पानांची आवरणे त्यास हिवाळ्यातही घट्ट चिकटून राहतात. देशीचे खोड गुळगुळीत, लालसर असून आवरणे सहज गळतात. सरसकट कापणी केल्यास आधीच विरळ असलेली देशी उपजातीही नष्ट होते.

ओळख पडताळण्याची रीत

एकाच लक्षणावरून निष्कर्ष काढू नये. पानाची वरची व खालची बाजू, कडा व बूड, खोड, फूल आणि फळ यांची स्वतंत्र छायाचित्रे घ्यावीत. आयनॅचरलिस्टसारख्या ॲपने सुचवलेले नाव ही शोधाची सुरुवात मानावी. रटगर्स, पेन स्टेट, कॉर्नेल या विद्यापीठांशी संलग्न असलेल्या कौंटी एक्स्टेन्शन कार्यालयांत नमुना किंवा छायाचित्र दाखवून ओळख पक्की करून घेता येते. तणनाशक वापरण्यापूर्वी त्यावरील लेबल वाचावे व स्थानिक नियम पाहावेत. रोपवाटिकेतून नवे झाड घेण्यापूर्वीही राज्याची आक्रमक वनस्पतींची यादी तपासावी. उद्याच्या अनेक उपद्रवी वनस्पती आजही शोभेची झाडे म्हणून विकत मिळतात.