मिर्मिडन

एन्सेम्बल स्टुडिओजने २००२ मध्ये तयार केलेल्या ‘एज ऑफ मायथॉलॉजी’ या डावपेचांच्या संगणकीय खेळात ग्रीक पक्ष घेणारा खेळाडू झ्यूस, पोसायडन आणि हेडीस यांपैकी एकाला आराध्य मानतो आणि झ्यूसच्या उपासकालाच ‘मिर्मिडन’ हे खास पायदळ उभारता येते. ‘हॉप्लाइट’ (आयुधधारी) किंवा ‘टॉक्सोटीस’ (धनुर्धर) ही खेळातील इतर नावे शस्त्रांवरून आली असली, तरी ‘मिर्मिडन’चा संबंध परंपरेने ‘मिर्मेक्स’ म्हणजे मुंगी या शब्दाशी जोडला आहे. रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’मधील कथेनुसार, झ्यूसपत्नी हेरा हिच्या कोपामुळे साथ येऊन एजिना बेट ओस पडले, तेव्हा झ्यूसचाच पुत्र असलेल्या राजा ईअकसने त्या देवाला प्रिय अशा ओक वृक्षावरील मुंग्यांची रांग पाहून तितकीच प्रजा मागितली आणि मुंग्यांची माणसे झाली. कष्टाळू, चिवट आणि मिळवलेले जपणारी अशी ही प्रजा होती. ईअकसचा पुत्र पीलिअस पुढे थेसलीतील फ्थियाचा राजा झाला. होमरच्या ‘इलियड’मध्ये त्याचाच मुलगा अकिलीस मिर्मिडनांचे नेतृत्व करतो. मुंग्यांची ही कथा नावावरून मागाहून रचलेली, म्हणजे लोकव्युत्पत्ती, असण्याचा संभव अधिक वाटतो, कारण दुसरी एक परंपरा याच नावाच्या झ्यूसपुत्राला या जमातीचा मूळपुरुष मानते. तथापि दोन्ही वाटा झ्यूसपाशीच पोहोचतात, त्यामुळे खेळाच्या रचनाकारांनी हे पथक त्याच्याच पदरी घातले, ही निवड अत्यंत साक्षेपी ठरते. इंग्रजीत मात्र या शूरांचे नाव घसरत जाऊन, विचार न करता धन्याचा हुकूम बजावणाऱ्या हस्तकाला लावले जाऊ लागले.