तिकिटावरचे अबाय

भारतीय टपाल खात्याने १९९६ मध्ये कझाख कवी आणि विचारवंत अबाय कुनानबाइउली यांच्यावर एक तिकीट काढले. त्याच वर्षी अहिल्याबाई होळकर आणि क्रिकेटपटू दि. ब. देवधर यांचीही तिकिटे निघाली. आपल्याकडच्या पुष्कळ संग्राहकांनी ती आवडीने जपली; अबाय मात्र परके म्हणून पान उलटताना मागे पडले. टपाल तिकिटांचा अभ्यास म्हणजे काय, हे नव्या वाचकाला सांगायचे तर मला याच तिकिटापासून सुरुवात करावीशी वाटते. स्मारक तिकीट हे राज्यसंस्थेने केलेले विधान असते. या माणसाला आम्ही मोठा मानतो, असे ती जाहीरपणे सांगते. हाच का, आत्ताच का आणि त्याच्याबद्दल काय सांगायचे टाळले, हे अभ्यासकाने विचारायचे असते.

या प्रश्नांची उत्तरे शोधायची तर आधी कवीकडे जावे लागते. अबाय यांचा जन्म १८४५ चा, सेमेय शहराच्या दक्षिणेकडील चिंगीस डोंगरांच्या परिसरातला. जन्मनाव इब्राहिम, आजी झेरे लाडाने अबाय म्हणायची, तेच नाव पुढे राहिले. वडील कुनानबाय हे तोबिक्ती टोळीचे बलदंड प्रमुख. मुलाने आपल्यामागे कारभार पाहावा म्हणून त्यांनी त्याला सेमेयच्या मदरशातून लवकर परत आणले. तंटे सोडवता सोडवता या मुलाला आपल्या समाजातली लाचखोरी, आळस आणि भाऊबंदकी आतून दिसली. पुढे झारशाहीने हद्दपार केलेल्या रशियन बुद्धिवंतांशी मैत्री जडली, सेमेयच्या ग्रंथालयाचा लळा लागला. पुश्किन, लेर्मोंतोव्ह आणि क्रिलोव्ह त्यांनी कझाखमध्ये आणले. पुश्किनच्या तात्यानाचे पत्र तर त्यांनी स्वतः चाल लावून स्टेपच्या गवताळ मुलखात गाते केले. गद्यात त्यांनी पंचेचाळीस लहानमोठी चिंतने लिहिली. आपल्याच लोकांना इतके परखड आणि तितक्याच मायेने सुनावणारे गद्य फार थोड्या साहित्यांच्या वाट्याला येते. त्यांतले अडतिसावे सर्वांत दीर्घ असून ते ईश्वरश्रद्धेविषयी आहे. अबाय यांच्या हयातीत त्यांच्या कवितांचे पुस्तक निघालेच नाही. मुरसेइत नावाच्या लेखनिकाच्या हस्तलिखित प्रतींतून आणि गाणाऱ्यांच्या मुखातून ती कविता टिकली. पहिला संग्रह १९०९ मध्ये पीटर्सबर्गला, अरबी लिपीत छापला गेला.

आता तिकिटांकडे येऊ. सोव्हिएत संघाने १९६५ मध्ये अबाय यांच्यावर तिकीट काढले. त्या काळच्या पाठ्यपुस्तकांतले अबाय हे प्रबोधनकार, लोकशाहीवादी आणि रशियन साहित्याचे मित्र. ते खोटे नव्हते, पण श्रद्धाळू मुसलमान अबाय त्यात मागच्या रांगेत बसले. स्वतंत्र कझाखस्तानने १९९५ मध्ये जन्माच्या दीडशेव्या वर्षानिमित्त तिकिटे काढली, तेव्हा तेच अबाय एका नव्या राष्ट्राचे आद्य पुरुष झाले होते. ते वर्ष युनेस्कोच्या पुढाकाराने इतरत्रही साजरे झाले. भारताचे तिकीट त्याच्या पुढच्याच वर्षीचे. दिल्ली आणि कझाखस्तान यांचे राजनैतिक संबंध १९९२ मध्ये सुरू झाले होते. त्या कोवळ्या मैत्रीशी जोडूनच हे तिकीट वाचायला हवे. कवी एकच, पण त्याला पुढे करणारी तीन राज्ये आणि त्यांच्या तीन गरजा. कझाख भाषा १९२९ मध्ये लॅटिन आणि १९४० मध्ये सिरिलिक लिपीत गेली. त्यामुळे कझाखस्तानच्या तिकिटावर ज्या अक्षरांत अबाय यांचे नाव छापले आहे, त्या अक्षरांत त्यांनी आपली कझाख कविता कधी लिहिली नव्हती.

तिकिटाबाहेर कोण राहिले, हे पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. शकारीम हा अबाय यांचा पुतण्या, त्यांच्याच छायेत वाढलेला थोर कवी. १९३१ मध्ये त्याला गोळी घालून मारले गेले आणि पुढे कितीतरी दशके त्याचे लेखन छापणे अशक्य होते. काकांचे तिकीट मॉस्कोत निघत होते तेव्हा पुतण्याचे पुस्तक मिळत नव्हते. एकाच घराण्यातल्या दोघांचे हे भाग्य शेजारी ठेवल्याशिवाय १९६५ चे ते तिकीट पुरते वाचलेच जात नाही, असे माझे ठाम मत आहे.

या अभ्यासाला फार भांडवल लागत नाही. भिंग हवे, तिकिटासोबत टपाल खाते देते ते माहितीपत्रक हवे, जमल्यास पहिल्या दिवसाचे पाकीटही. माहितीपत्रक बारकाईने वाचावे, कारण राज्यसंस्थेचे विधान तिथे सविस्तर लिहिलेले असते. कॅटलॉगमध्ये शोधताना कुनानबाएव्ह, कोनुनबाएव्ह अशी नावाची निरनिराळी रूपे तपासावीत. आणि मुख्तार औएझोव्ह यांची ‘अबायचा मार्ग’ ही चार खंडांची कादंबरी जरूर मिळवावी. तिला १९५९ मध्ये लेनिन पुरस्कार मिळाला, आणि कझाखस्तानबाहेरच्या बहुतेकांच्या मनातले अबाय हे याच कादंबरीतून घडलेले आहेत. ती मात्र इतिहास म्हणून वाचू नये. तिच्याशेजारी त्या पंचेचाळीस चिंतनांचा एखादा अनुवाद ठेवावा, आणि मग तिन्ही तिकिटे पुन्हा भिंगाखाली घ्यावीत.