धर्मशाळा, सभागृह आणि चित्रपट

धर्मशाळेच्या छताखाली चित्रपट दाखवावा काय, हा प्रश्न विश्वस्तांच्या बैठकीत निघाला म्हणजे सभेत दोन तट पडतात. यात्रेकरूंच्या निवाऱ्याचे पावित्र्य ढळेल, अशी ज्येष्ठांना धास्ती वाटते. आपल्याच वास्तूत समाजाने चालविलेले एक लहानसे चित्रगृह असले तर बिघडले काय, असे तरुणांना वाटते. मुक्काम आणि चित्रदर्शन एकत्र येणे ही आजकालची गोष्ट आहे, हे मात्र दोन्ही बाजू गृहीत धरतात. इतिहास निराळे सांगतो.

भगवती सूत्राच्या पंधराव्या शतकात गोशालकाची कथा आहे. त्याचा पिता मंखली हा मंख होता, म्हणजे चित्रफलक हाती घेऊन चित्रे दाखवीत भिक्षा मागणारा. गर्भवती पत्नी भद्रा हिच्यासह तो शरवण गावी आला. अन्यत्र जागा न मिळाल्याने गोबहुल ब्राह्मणाच्या गोशाळेत उतरला, आणि तेथे जन्मला म्हणून मुलाचे नाव गोशालक पडले. पुढे हाच गोशालक चित्रफलक घेऊन हिंडत असता नालंदेच्या विणकरशाळेत मुक्कामास आला. त्याच शाळेत भगवान महावीर वर्षावासासाठी राहिले होते. गोशालकाचे पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. येथे लक्षात घ्यायचे ते एवढेच, की साधू, प्रवासी आणि चित्रे दाखविणारा हे एका छपराखाली येत असत आणि त्यात आगमकारांना वावगे वाटलेले नाही.

राजप्रश्नीय सूत्रातील प्रसंग याहून बोलका आहे. सूर्याभदेवाने भगवंतांपुढे बत्तीस प्रकारचे नाट्य सादर करण्याची अनुज्ञा मागितली. भगवंत मौन राहिले. नाट्य झाले. ते मौन संमतीचे की उदासीनतेचे, याचा निर्णय विद्वानांनी करावा. ज्यांना शत्रुंजयाची यात्रा घडत नाही ते श्रावक कार्तिकी पौर्णिमेस रंगविलेल्या पटासमोर वंदना करतात, ही प्रथा तर आपण आजही पाहतो.

आधुनिक काळाकडे वळू. भारतात चित्रपट प्रथम दाखविला गेला तो नाट्यगृहात नव्हे, तर उतारूंच्या निवासात. मुंबईच्या वॉटसन्स हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या यंत्राने सहा लघुपट दाखविण्यात आले; तिकीट एक रुपया. त्या काळी ही रक्कम सामान्य माणसाच्या आवाक्यातील नव्हती, आणि ते हॉटेलही साहेबलोकांचे. आठवड्याभरातच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले. तेथे पुढे चार आण्यांचे तिकीट निघाले आणि पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र बैठका राखल्या गेल्या. मला या दुसऱ्या घटनेचे मोल अधिक वाटते.

ज्येष्ठांच्या धास्तीला आधार नाही, असे मात्र नव्हे. जुनी फिल्म नायट्रेटची, क्षणात पेट घेणारी. ४ मे १८९७ रोजी पॅरिसमध्ये धर्मादाय बाजार भरला असता चित्रपटयंत्राच्या दिव्यापाशी आग लागून १२० हून अधिक माणसे दगावली. त्यांत बहुतेक दानकार्यास आलेल्या स्त्रिया होत्या. आपल्याकडे १९१८ च्या कायद्याने चित्रगृहांना परवाना आवश्यक ठरला. ती फिल्म आता इतिहासजमा झाली. तरी पहाटे पूजेस उठणाऱ्या यात्रेकरूची झोप मोडू नये, सभागृहाचा दरवाजा वेगळा असावा आणि तीर्थंकरांची भूमिका कोणा नटाने केलेला चित्रपट तेथे लागू नये, एवढी पथ्ये हवीतच.

आपल्या समाजाजवळ या बाबतीत एक उत्तम उदाहरण आहे. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी (१८५१–१९१४) यांनी मुंबईत सी. पी. टँकजवळ पित्याच्या स्मरणार्थ हिराबाग ही धर्मशाळा उभारली. तीत यात्रेकरूंच्या खोल्यांबरोबर सभागृहही होते. जानेवारी १९१५ मध्ये आफ्रिकेहून परतलेल्या गांधीजींचे स्वागत तेथे झाले, तेव्हा लोकमान्य टिळक उपस्थित होते. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली ज्या कोरोनेशनमध्ये लागला, ते चित्रगृहही याच गिरगावातले.

हिराबागेतच पं. नाथूराम प्रेमी यांनी १९१२ साली हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालय सुरू केले. शास्त्रे छापल्याने आशातना होते, असे म्हणणारे लोक त्या काळी पुष्कळ होते. छापखान्याविषयीचा तो वाद आजच्या चित्रपटाच्या वादासारखाच होता. प्रेमींनी वाद घालण्यात वेळ दवडला नाही. शेठजींच्या निधनानंतर त्यांच्याच नावाने निघालेल्या ग्रंथमालेतून त्यांनी प्राचीन जैन ग्रंथ एकामागून एक प्रकाशात आणले. १९३४ साली मुन्शी प्रेमचंद चित्रपटकथा लिहिण्यासाठी मुंबईस आले. गिरणी कामगारांवरील त्यांच्या चित्रपटावर मुंबईत बंदी आली आणि पुढल्याच वर्षी ते खिन्न मनाने काशीला परतले. त्यांची ‘गोदान’ ही कादंबरी मात्र १९३६ साली प्रेमींच्या याच कार्यालयाने प्रसिद्ध केली.