क्रमिक पुस्तकाच्या पोटीं जन्मलेला नियम

क्रमिक पुस्तकांची योग्यता विद्वानांच्या दृष्टीनें बेताचीच असते. शोध लावावा तो प्रयोगशाळेंत, वाद करावा तो पंडितांच्या सभेंत, आणि सर्व कांहीं ठरून गेल्यावर जें निर्वेध उरेल तेवढें विद्यार्थ्यांच्या पुस्तकांत उतरवून द्यावें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु रसायनशास्त्राच्या इतिहासांत हा क्रम एकदां उलटा झाला. पहिल्या वर्गाच्या विद्यार्थ्यांच्या हातीं कोणतें पुस्तक द्यावें, ह्या साध्या अडचणींतून त्या शास्त्राचा एक मूलभूत नियम बाहेर पडला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रसायनशास्त्राची स्थिति मोठी चमत्कारिक होती. नवीं मूलद्रव्यें सांपडत होतीं, नवे पदार्थ तयार होत होते. पण परमाणुभार कोणते मानावे ह्याविषयीं आचार्यांतच एकमत नव्हतें. ऑक्सिजनचा भार कोणी ८ धरी, कोणी १६. कार्बनचा कोणी ६ मानी, कोणी १२. साहजिकच पाण्याचें सूत्र एका वर्गांत एक, तर दुसऱ्या वर्गांत दुसरें, असा प्रकार चाले. शिरक्याला आंबटपणा देणारें जें ॲसेटिक आम्ल, त्याचीं निरनिराळ्या लेखकांनीं दिलेलीं १९ सूत्रें केकुले ह्या जर्मन पंडितानें १८६१ च्या आपल्या ग्रंथांत एकत्र छापून दाखविलीं. जेथें गुरूंचेंच एकमत नाहीं, तेथें शिष्यानें पाठ तरी काय करावें?

ही गांठ सैल करण्याचें श्रेय स्टानिस्लाव कॅनिझारो ह्या इटालियन प्राध्यापकाकडे जातें. जिनोआच्या विद्यापीठांत शिकवितांना आपल्या वर्गासाठीं त्यानें विषयाची जी मांडणी बसविली, तिचा गोषवारा १८५८ सालीं त्यानें एका मित्रास लिहिलेल्या पत्राच्या रूपानें प्रसिद्ध केला. त्यांत नव्या शोधाचा डौल नव्हता. समान उष्णतामानाच्या व समान दाबाच्या वायूंच्या समान घनफळांत रेणूंची संख्या समान असते, हें त्याच्याच देशांतील ॲव्होगाड्रोनें १८११ सालीं मांडलेलें तत्त्व त्यानें पायाशीं घेतलें, आणि त्यावरून परमाणुभार पायरीपायरीनें कसे काढावे हें नवशिक्यालाही उमजेल अशा रीतीनें दाखविलें.

१८६० च्या सप्टेंबरांत जर्मनींतील कार्ल्सरूए येथें रसायनशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तीन दिवस चर्चा होऊनही निर्णय लागला नाहीं. परंतु मंडळी उठतांना कॅनिझारोच्या पावेसी नांवाच्या स्नेह्यानें त्या पाठांची छापील पुस्तिका सभासदांस वांटली. लोथार मायर ह्या तरुण जर्मन शास्त्रज्ञानें ती वाचली व त्याचा संशय फिटला. १८६४ सालीं निघालेल्या त्याच्या ग्रंथांत परमाणुभारांच्या क्रमानें लावलेल्या २८ मूलद्रव्यांचें एक कोष्टक आहे. सभेच्या वादानें जें साधलें नाहीं, तें वर्गांतल्या पाठांच्या टिपणांनीं साधलें. ह्याच परिषदेस २६ वर्षांचा एक रशियन तरुणही हजर होता. त्याचें नांव द्मित्री मेंडेलीव्ह.

१८६७ सालीं सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठांत सामान्य रसायनशास्त्राचें अध्यापन मेंडेलीव्हकडे आलें. नव्या परमाणुभारांच्या पायावर रचलेलें, नवशिक्यांच्या हातीं निःशंकपणें द्यावें असें रशियन पुस्तक त्याला दिसेना. दुसऱ्याचें पुस्तक पत्करण्यापेक्षां आपणच लिहावें असें त्यानें ठरविलें, व १८६८ सालीं ‘रसायनशास्त्राचीं मूलतत्त्वें’ ह्या ग्रंथास हात घातला.

आरंभ त्यानें पाणी, हवा, ज्वलन, मीठ अशा नित्याच्या वस्तूंपासून केला. अध्यापकाच्या दृष्टीनें हें ठीकच होतें. पण त्यामुळें पहिला भाग संपला तेव्हां त्यांत अवघ्या ८ मूलद्रव्यांचा विचार झालेला होता. त्या काळीं ज्ञात असलेल्या ६३ मूलद्रव्यांपैकीं ५५ शिल्लक राहिलीं, आणि भाग उरला एकच! मिठाच्या निमित्तानें क्लोरीन व त्याचे सोबती पहिल्या भागाच्या शेवटीं आले होते. तेव्हां दुसऱ्याच्या आरंभीं सोडियम व त्याचे भाऊबंद येणें ओघानेंच आलें. पण त्यांच्यानंतर कोण? वर्णानुक्रमानें याद द्यावी तर तो कोश होईल, पुस्तक नव्हे.

रशियन पंचांगाप्रमाणें १७ फेब्रुवारी १८६९ हा तो दिवस. चीज तयार करणाऱ्या सहकारी गोशाळांची पाहणी करावयास जाण्याचा मेंडेलीव्हचा बेत होता, व त्यासंबंधीं आलेल्या एका पत्राच्या पाठीवरच त्यानें आंकडे मांडून पाहिले. क्लोरीन ३५.५, पोटॅशियम ३९, कॅल्शियम ४०. ब्रोमीन ८०, रुबिडियम ८५.४, स्ट्रॉन्शियम ८७.६, आयोडीन १२७, सीझियम १३३, बेरियम १३७. अशा ओळी एकीखालीं एक धरल्या कीं गुणांनीं सारखीं असलेलीं मूलद्रव्यें आपोआप एका रांगेंत येतात. पुस्तकाचीं प्रकरणें लावण्याची युक्ति म्हणून जें शोधलें, तो सृष्टीचाच क्रम निघाला! मार्चमध्यें मेन्शुटकिन ह्या सहकाऱ्यानें मेंडेलीव्हच्या वतीनें हा निबंध रशियन रसायनसंस्थेपुढें मांडला.

पुढें कोष्टकांत कांहीं जागा रिकाम्या राहिल्या, तेव्हां त्या बुजविण्याची घाई त्यानें केली नाहीं. त्या मूलद्रव्यांचे गुण त्यानें १८७१ सालीं आधींच वर्तविले, आणि त्यांच्या नांवांस संस्कृतांतील ‘एक’ हा शब्द जोडला : एक-ॲल्युमिनियम, एक-बोरॉन, एक-सिलिकॉन. १८७५ सालीं फ्रान्समध्यें गॅलियम सांपडलें. त्याची घनता ४.७ भरल्याचें शोधकानें कळविलें, ती ५.९ च्या आसपास असावी, असें मेंडेलीव्हनें दुरून कळविलें. द्रव्य अधिक शुद्ध करून पुन्हां मोजतां ती ५.९ च भरली. १८७९ सालीं स्कँडियम व १८८६ सालीं जर्मेनियम आपापल्या जागीं येऊन बसलीं.

‘मूलतत्त्वें’ ह्या ग्रंथाच्या कर्त्याच्या हयातींत ८ आवृत्त्या निघाल्या. शेवटची १९०६ सालची. तोंवर इलेक्ट्रॉन व किरणोत्सर्ग ह्यांचे शोध लागले होते. परमाणु फुटतो हें मात्र वृद्ध मेंडेलीव्हला अखेरपर्यंत पटलें नाहीं. १९१३ सालीं मोस्लीनें दाखवून दिलें कीं, कोष्टकाचा खरा आधार परमाणुभार नसून परमाणूच्या केंद्रावरील विद्युद्भार हा आहे. म्हणजे ज्या पुस्तकानें शास्त्राला वाट दाखविली, तेंही यथाकाल जुनें झालें.

प्रत्येक शैक्षणिक वर्षाच्या आरंभीं पुस्तकांची निवड करतांना पानें किती, चित्रें किती, किंमत किती ह्या चौकशा अवश्य कराव्या. परंतु त्यांच्याही आधीं एक प्रश्न विचारावयाचा असतो : ह्या पुस्तकांत एका प्रकरणामागून दुसरें येतें, तें कां येतें? नुसत्या माहितीच्या याद्या कोणालाही करतां येतात, ‘ह्याच्यानंतर कोण?’ हा मेंडेलीव्हला पडलेला प्रश्न जो लेखक स्वतःला विचारतो, त्याचेंच पुस्तक नवशिक्याच्या हातीं द्यावें.