जिनसेंगची लाल फळं आणि पाद्र्याने झटकून टाकलेली गोष्ट

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या मित्रमैत्रिणींचा एक प्रश्न ठरलेला असतो: "साधनं 'बारकाईने' वाचायची म्हणजे नेमकं काय करायचं?" याचं उत्तर आज एका रोपाच्या इतिहासातून शोधूया.

जिनसेंग हे नाव तुम्ही टॉनिकच्या डबीवर वाचलं असेल. आपल्याकडे अश्वगंधेलाही 'भारतीय जिनसेंग' म्हणतात, पण अश्वगंधा वांग्याच्या कुळातली; जिनसेंगशी तिचं काही नातं नाही. खरं जिनसेंग हे जंगलाच्या दाट सावलीत वाढणारं, जेमतेम हातभर उंचीचं बहुवर्षायू रोप. थंडीत वरचा भाग वाळून जातो, मूळ जमिनीत जिवंत राहतं आणि वसंतात पुन्हा फूट येते. उन्हाळा संपताना मधोमध लालभडक फळांचा झुबका धरतो. याची एक जात चीन-कोरियाच्या बाजूची, तर दुसरी उत्तर अमेरिकेतली.

आता साधनाकडे वळू. प्येर झार्तू हा फ्रेंच जेझुइट पाद्री चीनच्या कांग्शी सम्राटासाठी नकाशे काढण्याच्या कामावर होता. 1709 साली कोरियाच्या सीमेजवळ त्याने ही वनस्पती पाहिली आणि 1711 मध्ये तिच्याविषयी सविस्तर पत्र लिहिलं. ते 1713 मध्ये युरोपात छापलं गेलं. त्यातलं एक अनुमान प्रसिद्ध आहे: अशीच जंगलं आणि असेच डोंगर कॅनडात आहेत, तेव्हा हे रोप तिथेही सापडू शकेल.

झोझेफ-फ्रांस्वा लाफितो या मिशनऱ्याने माँट्रियलजवळच्या मोहॉक वस्तीत राहत असताना हे पत्र वाचलं, शोध सुरू केला आणि 1716 मध्ये त्याला रोप मिळालं. पाठ्यपुस्तकात 'लाफितोने शोध लावला' एवढंच येतं. पण त्याचा स्वतःचा 1718 चा वृत्तांत उघडा. त्याने मदतीला घेतलेल्या मोहॉक बाईने रोप पाहताक्षणी ओळखलं; तिच्या लोकांचं ते नेहमीच्या वापरातलं औषध होतं. तिचं नाव मात्र वृत्तांतात नाही. मग 'शोध' कुणी लावला? हा प्रश्न तुमच्या वहीत टिपून ठेवा.

पुढे व्यापाराचा झपाटा आला. 1749 मध्ये कॅनडात फिरणाऱ्या पेहर काल्म या निसर्गअभ्यासकाने नोंदवलंय की स्थानिक आदिवासी व्यापाऱ्यांसाठी मुळं खणण्यात इतके गुंतले होते की फ्रेंच शेतकऱ्यांना कापणीला माणूस मिळेना. लोभापायी मुळं अवेळी खणली गेली, भट्टीत घाईने वाळवली गेली, चीनमधल्या गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली आणि कॅनडाचा बाजार बसला. तरीही मागणी संपली नव्हती. 1784 मध्ये अमेरिकेचं 'एम्प्रेस ऑफ चायना' हे जहाज न्यूयॉर्कहून कँटनला निघालं, तेव्हा त्यात सुमारे 30 टन जिनसेंग भरलेलं होतं.

मुळासाठी खणायचं म्हणजे अख्खं रोप जातं. मग लागवड का केली नाही? इथे पुन्हा झार्तूच्या पत्राकडे या, आणि या वेळी सगळे उताऱ्यात घेतात तो भाग सोडून वाचा. बी पेरूनही ते उगवताना कुणाला दिसलं नाही, असं तो लिहितो. त्याला जोडून स्थानिक लोकांची ('तार्तर' हा त्याचा शब्द) एक गोष्ट सांगतो: पक्षी हे बी खातो, ते त्याला पचत नाही, आणि जिथे त्याची विष्ठा पडते तिथे रोप उगवतं. झार्तूला हे पटत नाही. त्याचा अंदाज असा की बी जमिनीत फार काळ पडून राहतं आणि मग रुजतं.

त्याचा अंदाज बरोबर होता. झाडावरून बी पडतं तेव्हा त्यातला भ्रूण अपुरा वाढलेला असतो. साधारण दीड वर्ष, म्हणजे मधल्या एका उन्हाळ्यासह दोन हिवाळे गेल्यावरच अंकुर दिसतो. अमेरिकेत 1880 च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात जॉर्ज स्टँटनने लागवड यशस्वी करून दाखवली, आणि 1904 पासून विस्कॉन्सिनमध्ये फ्रॉम बंधूंनी लाकडी पट्ट्यांच्या मांडवाखाली ती वाढवली. या शेतीचे नियम साधे वाटतात: फळाचा गर काढायचा, बी ओलसर वाळूत घालून थांबायचं, मग उथळ पेरून वर पालापाचोळा पसरायचा, आणि जवळजवळ पाऊण हिस्सा ऊन अडवायचं. यात अवघड काय? थांबणं.

मग पक्ष्यांची गोष्ट निव्वळ भाकड म्हणायची का? 2014 मध्ये अमेरिकी जातीवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वूड थ्रश, म्हणजे आपल्या कस्तूर पक्ष्याचा भाऊबंद, ही लाल फळं खातो आणि त्यातलं बी नंतर तोंडावाटे टाकतो. ते बी जिवंत असतं. म्हणजे बी आईझाडापासून दूर नेणारा पक्षी खरोखरच होता.

इथेच सांभाळा. "बघा, लोकांना आधीच सगळं माहीत होतं!" असं लिहायचा मोह होईल. पण गोष्टीत विष्ठा आहे, अभ्यासात तोंडावाटे टाकलेलं बी. गोष्ट मांचुरियाची, अभ्यास अमेरिकेचा. दोन्हीकडच्या जाती वेगळ्या, पक्षी वेगळे. शिवाय ती गोष्ट आपल्यापर्यंत पोचते ती तिच्यावर विश्वास नसलेल्या माणसाच्या लेखणीतून. एवढं मात्र ठामपणे म्हणता येतं: सांगणारे लोक 'हे रोप पसरतं कसं?' असा प्रश्न विचारत होते, आणि झार्तू 'हे उगवतं कधी?' असा. एका प्रश्नाच्या उत्तराने दुसरा प्रश्न खोटा पडत नाही.

म्हणून साधन वाचताना तीन रकाने करा: लेखकाने स्वतः पाहिलेलं, दुसऱ्याकडून ऐकलेलं, आणि त्याने नाकारलेलं. तिसरा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात. लेखकाला न पटलेल्या, पण इतरांना ठाऊक असलेल्या गोष्टी नेमक्या तिथेच शिल्लक राहतात.

आणि हा नुसता अभ्यासाचा खेळ नाही. 1975 पासून अमेरिकी जिनसेंग साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याच्या निर्यातीवर नियंत्रण आहे. अनेक राज्यांत रानातलं मूळ खणणाऱ्याने त्याच रोपाची पिकली फळं तिथेच मातीत पेरायची, असा कायदा आहे. पण पिकण्याआधीच रोप उपटलं, तर पेरायला बी उरत नाही आणि पक्ष्यालाही न्यायला काही उरत नाही. झार्तूच्या त्या न पटलेल्या चार ओळी वाचताना हेही लक्षात असू द्या.