सावज नसलेली शिकार
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शिकार म्हटली की एक शिकारी आणि एक सावज, एवढं तरी लागतंच, अशी आपली समजूत असते. इंग्लंडमध्ये मात्र दीडशे वर्षांहून अधिक काळ एक अशी शिकार चालत आली आहे, जिच्यात घोडे आहेत, कुत्र्यांचा ताफा आहे, शिंग फुंकणारा आहे, चिखल आहे, पडणं-झडणंही आहे. फक्त सावज नाही. कुत्री धावतात ती एका वासामागे. तो वास त्याच सकाळी एका माणसानं भिजवलेली चिंधी जमिनीवरून ओढत नेऊन मुद्दाम सोडलेला असतो. इंग्रजीत ओढण्याला ‘ड्रॅग’ म्हणतात, म्हणून या प्रकाराचं नाव ‘ड्रॅग हंटिंग’.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसू येतं. खुद्द इंग्लंडातल्या जातिवंत शिकाऱ्यांनीही याला कायम नाकं मुरडली. भातुकलीचा भात खाऊन पोट भरतं का, असा त्यांचा एकूण सूर. पण इतिहासाची चाल तिरकी असते. २००५ साली अस्सल शिकार कायद्यानं बंद झाली आणि भातुकली तेवढी निर्वेधपणे चालू राहिली. हे कसं झालं, ते आज सांगायचं आहे. त्याआधी हा खेळ असतो कसा, ते पाहू.

हिवाळ्याचे दिवस. पिकं निघालेली, जमीन ओलसर. शेतकऱ्यांची परवानगी घेऊन वाट आधीच आखलेली असते. एक माणूस पायी किंवा घोड्यावरून पुढे निघतो. त्याच्या दोरीला बांधलेली चिंधी बहुधा ॲनिसीडच्या अर्कात भिजवलेली असते. ॲनिसीड म्हणजे आपल्या बडीशेपेची चुलत बहीण, वासही तसाच. तो पुढे गेल्यावर साधारण पंधरा मिनिटं ते अर्धा तास थांबतात आणि मग हाउंड सोडतात. हे हाउंड मोजायची रीत गमतीची आहे. ते नगावर मोजत नाहीत, जोड्यांवर मोजतात. पंचवीस हाउंड असतील तर ‘साडेबारा जोड्या’ म्हणायचं. आणि त्यांना चुकूनही ‘कुत्री’ म्हणायचं नाही! मी आपला मराठीत बोलतो आहे म्हणून अधूनमधून म्हणतो.

वास लागला की हाउंड एका सुरात ओरडत सुटतात. त्यांच्या मागे त्यांना सांभाळणारा ‘हंट्समन’, त्याच्या मागे ‘फील्ड मास्टर’ आणि त्याच्याही मागे बाकीचे स्वार. नवख्यानं पहिला नियम हाच लक्षात ठेवायचा, की फील्ड मास्टरच्या पुढे घोडा काढायचा नाही. हाउंड जवळून जात असतील तर घोड्याचं तोंड त्यांच्याकडे करायचं, म्हणजे लाथ बसणार नाही. दुगाण्या झाडणाऱ्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधतात, कोवळ्या, अजून न रुळलेल्या घोड्याला हिरवी. उघडलेलं फाटक शेवटच्या स्वारानं लावायचं. पेरलेल्या शेतातून जायचं नाही. यातले निम्मे नियम घोड्यासाठी आहेत आणि निम्मे शेतकऱ्यासाठी, कारण शेतकरी रुसला तर हा खेळच संपला.

एका दिवसात अशा तीन-चार किंवा जास्त दौडी होतात. प्रत्येक दौड दोन-तीन मैलांची, मध्ये घोड्यांना दम खायला वेळ. वाटेत झुडपांची कुंपणं, लाकडी फळ्या आणि चर. ज्याला उड्या मारायच्या नसतील त्याच्यासाठी बहुतेक ठिकाणी वळसा घालून जायची वाट असते आणि त्या वाटेनं जाण्यात कमीपणा नसतो.

मी स्वतः हे दृश्य एकदाच, आणि तेही कुंपणाबाहेर उभं राहून पाहिलं. लक्षात राहिला तो आवाज. आधी हाउंडांचा, मग टापांचा, आणि मग एकाएकी शांतता. दीड-दोन मिनिटांत सगळं टेकडीपलीकडे गेलं. मागे उरला तो उखडलेल्या ओल्या मातीचा वास आणि टोपी पडली म्हणून परत फिरलेला एक स्वार.

आता इतिहास. आपल्या शाळेच्या पुस्तकांत ‘फॉक्स’ म्हणजे कोल्हा असं शिकवतात. खरं तर आपला कोल्हा म्हणजे इंग्रजीतला ‘जॅकल’. फॉक्स म्हणजे आपलं खोकड. इंग्लंडातलं खोकड आपल्यापेक्षा मोठं, तांबूस आणि कोंबड्या पळवण्यात तरबेज. इंग्रज उमराव पूर्वी हरणाची शिकार मोठी मानत. जंगलं आटली, हरणं कमी झाली, तशी अठराव्या शतकात खोकडाला बढती मिळाली. लेस्टरशर परगण्यातल्या ह्यूगो मेनेल या जमीनदारानं १७५३ पासून पुढे जवळजवळ अर्धशतक आपला ‘क्वॉर्न’ ताफा सांभाळला आणि वेगवान हाउंडांची पैदास केली. आधीची शिकार पहाटेची, रमतगमत चालणारी होती. मेनेलच्या हाउंडांनी तिला भरधाव दौडीचं रूप दिलं. त्याच सुमारास इंग्लंडात मोकळी सामाईक शेतं कुंपण घालून खासगी होत होती. गरीब कुळांच्या हातून चराईची कुरणं गेली; घोडेस्वारांना मात्र उड्या मारायला कुंपणं मिळाली. एकाच कुंपणाच्या या दोन बाजू आहेत आणि शिकारीच्या रंगीत चित्रांत त्यांतली एकच दिसते.

वास ओढण्याची युक्ती मात्र याहून जुनी. सतराव्या शतकातल्या इंग्रजी अश्वविद्येच्या पुस्तकांत ‘ट्रेन-सेंट’चा उल्लेख येतो. मेलेलं मांजर किंवा खोकड जमिनीवरून फरपटत न्यायचं, त्या मागावर हाउंड सोडायचे आणि दोन धनिकांनी आपापले घोडे त्यांच्यामागे पिटाळून पैज लावायची. म्हणजे सावज वगळून नुसती दौड ठेवायची कल्पना कोणा भूतदयावाद्याची नव्हती. ती घोड्यांवर पैसा लावणाऱ्यांची होती, हे मला फार मनोरंजक वाटतं.

एकोणिसाव्या शतकात या युक्तीला नवे धनी मिळाले, ऑक्सफर्ड-केंब्रिजचे विद्यार्थी आणि छावण्यांतले लष्करी अधिकारी. कारण अगदी व्यावहारिक होतं. खोकड सापडेल की नाही, सापडलं तर कुठे नेईल आणि अंधार पडायच्या आत घरी येता येईल का, याची काही शाश्वती नसे. सकाळी व्याख्यान आणि संध्याकाळी हजेरी असणाऱ्याला हे परवडणारं नव्हतं. ओढलेल्या वासाची शिकार मात्र घड्याळावर चाले. दोनला निघावं, चारला परतावं. शिवाय घोडदळाच्या अधिकाऱ्याला अनोळखी मुलखातून, भर वेगात, पुढचा अडथळा पाहून क्षणात वाट निवडायची सवय लागे.

सरे परगण्यातल्या कँबर्ली इथल्या स्टाफ कॉलेजात तर ड्रॅग हाउंडांचा मास्टर होणं हा मोठा मान समजला जाई. १८९६-९७ साली तिथे दोन अधिकारी एकाच वर्गात होते, डग्लस हेग आणि एडमंड ॲलनबी. हेग अधिक सफाईदार घोडेस्वार. पण तुटक, फारसा कोणात न मिसळणारा. सहाध्यायांनी मास्टर म्हणून निवडलं ते ॲलनबीला. हेगच्या आणि ॲलनबीच्याही चरित्रांत हा प्रसंग आवर्जून येतो, कारण पुढे दोघंही फील्ड मार्शल झाले. पहिल्या महायुद्धात हेग फ्रान्समधल्या ब्रिटिश सैन्याचा सेनापती होता. तिथल्या खंदकांत, काटेरी तारांत आणि मशीनगनपुढे घोडदळाला वावच उरला नाही. ॲलनबीला मिळालं पॅलेस्टाइन, मोकळं मैदान. १९१८ च्या सप्टेंबरात त्यानं घोडदळाच्या बळावर तुर्कांची आघाडी मोडली. त्या घोडदळात आपले पूना हॉर्स आणि डेक्कन हॉर्स होते. २३ सप्टेंबरला हैफा घेणारे जोधपूर आणि म्हैसूरचे भालाईतही त्याच्याच हाताखालचे. कँबर्लीच्या चिंधीमागे धावून ॲलनबी लढाई शिकला, असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल; पण सैनिक नेमके कोणाच्या मागे घोडा घालायला तयार होतात, हे त्या निवडणुकीत दिसलं होतं एवढं नक्की.

इंग्रज जिथे गेला तिथे हाउंड घेऊन गेला. आपल्याकडे ‘पूना अँड किरकी हाउंड्स’ नावाचा ताफा होता, मुंबईकरांचा वेगळा होता, निलगिरीत ऊटीचा तर फार प्रसिद्ध. खोकडाऐवजी इथे कोल्हा. विलायतेहून जहाजानं आणलेले हाउंड आपल्या उन्हाळ्यात पटापट मरत. तरी दर थंडीत नवे येत. दख्खनच्या कोरड्या, तापल्या जमिनीवर वास टिकत नाही, म्हणून ही मंडळी उजाडता उजाडता निघत, दव असेपर्यंत धावत आणि ऊन चढलं की परतत.

विसाव्या शतकात वारं फिरलं. जर्मनीत १९३४ च्या कायद्यानं जिवंत प्राण्यामागे हाउंड घालून शिकार करणं बंद झालं आणि तिथे ‘श्लेपयाग्ट’, म्हणजे हीच ओढलेल्या वासाची शिकार, रूढ झाली. इंग्लंडात १९६३ साली शिकारविरोधकांची ‘हंट सॅबटूर्स असोसिएशन’ स्थापन झाली. शिकार उधळण्यासाठी त्यांनी जी हत्यारं वापरली त्यांत एक होतं खोटा माग सोडण्याचं, आणि त्यासाठी तेच ॲनिसीड! घोडेस्वारांच्या करमणुकीचा वास आता खोकडाला वाचवायच्या कामी आला.

वाद वाढत गेला. २००० साली लॉर्ड बर्न्स यांच्या समितीनं अहवाल दिला. नोंदणीकृत ताफे वर्षाकाठी २१ ते २५ हजार खोकडं मारतात, असा त्यांचा अंदाज होता. ड्रॅग हंटिंग हा पर्याय होऊ शकेल का, याचाही समितीनं विचार केला. बंदीमुळे गावांची मिळकत आणि सामाजिक जीवन यांचं जे नुकसान होईल, ते त्यानं फारसं भरून निघणार नाही, असं तिचं मत पडलं. अखेर २००४ च्या नोव्हेंबरात कायदा संमत झाला आणि १८ फेब्रुवारी २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये हाउंडांनी खोकड मारणं गुन्हा ठरलं.

आता खरी मेख. जुन्या ताफ्यांनी हाउंड विकले नाहीत की ड्रॅग हंटिंगही पत्करलं नाही. त्यांनी ‘ट्रेल हंटिंग’ नावाचा तिसरा प्रकार काढला. दोन्ही दिसायला सारखे, म्हणून नवख्यानं हा भेद नीट समजून घ्यावा. ड्रॅगमध्ये वास खोकडाचा नसतो, वाट आधी ठरलेली आणि चालकांना ठाऊक असते, खोकडाची वस्ती असलेली झाडी टाळली जाते. ट्रेलमध्ये वास बहुधा खोकडाचाच असतो, नेहमीच्या शिकारीच्या रानातच सोडलेला, आणि कुठे सोडला ते हाउंड चालवणाऱ्याला पुष्कळदा सांगितलेलं नसतं. मग वाटेत जिवंत खोकड उठलं तर? हाउंडांच्या दृष्टीनं फरक काय? ‘अपघात झाला’ असं ताफेवाले म्हणतात. विरोधक म्हणतात, अपघात दर आठवड्याला होत नसतात.

आपल्याकडे बोकडाऐवजी कोहळा कापायची रीत आहे. ड्रॅग हंटिंग हा उघड कोहळा आहे. तो कोहळाच आहे हे पुजाऱ्याला ठाऊक, यजमानाला ठाऊक आणि बोकडालाही. ट्रेल हंटिंगवरचा आक्षेप असा, की कोहळा पुढे मांडलाय आणि मागच्या दारी बोकड बांधलाय. सगळेच ताफे असं करतात असं मी म्हणणार नाही. पण शंका इतकी बळावली की २०२१ साली सभासदांच्या मतदानानंतर ‘नॅशनल ट्रस्ट’नं आपल्या जमिनींवर ट्रेल हंटिंगला परवाने देणं थांबवलं. स्कॉटलंडनं २०२३ च्या कायद्यानं ते बंद केलं. २०२४ च्या निवडणुकीत मजूर पक्षानं इंग्लंड-वेल्ससाठी तसंच वचन दिलं आणि तो पक्ष सत्तेवर आला.

जुन्या शिकाऱ्यांच्या नाक मुरडण्यात तथ्य अजिबात नव्हतं असंही नाही. त्यांचं म्हणणं होतं की खोकड पाण्यातून जातं, मेंढ्यांच्या कळपातून जातं, उलटं फिरतं. ती कोडी सोडवताना हाउंडाची अक्कल दिसते. ॲनिसीडचा भपकारा इतका, की हाउंड डोकं न वापरता पळत सुटतात. हे खरं आहे. म्हणून जाणता वास ओढणारा मध्येच चिंधी उचलून घेतो, काही अंतर कोरडं सोडतो आणि बाजूला पुन्हा टेकवतो. हाउंड थबकतात, नाकं खाली घालून गोल फिरतात, एखादी म्हातारी हाउंडीण माग काढते आणि बाकीचे तिच्यावर विश्वास ठेवून धावतात.

याचाच एक शेजारचा प्रकार ब्लडहाउंड जातीच्या कुत्र्यांचा आहे. त्यात ॲनिसीडही नाही, चिंधीही नाही. एक धडधाकट माणूस आधी पळत सुटतो आणि हाउंड त्याच्या अंगच्या वासावर माग काढतात. तो नाले ओलांडतो, वळसे घेतो, खोकडासारखे डाव टाकतो. शेवटी कुठल्याशा कुंपणापाशी धापा टाकत थांबतो. मागून दहा-बारा धिप्पाड कुत्री येतात, त्याच्या अंगावर झेपावतात आणि त्याचं तोंड चाटून काढतात.